दोन जिवांची बॅग

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची! पोट पुढे आणि मी मागे, अशी आमची दोघांची वरात. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर गादी अंथरून मला आडवं केलं होतं, त्यामुळे गाव कसं आहे विचाराल तर मला फक्त व्हॅनचं छत ठाऊक.

ही डायरी दोन नंबरनं दिली. दोन नंबर म्हणजे माझी मैत्रीण. बस स्टँडवर तिकिटांची एक नंबरची खिडकी माझी, दोन नंबरची तिची. इतकी वर्षं शेजारी बसलो की नावं गळून पडली, नंबर राहिले. निघताना तिनं डायरी माझ्या पिशवीत कोंबली आणि बजावलं की रोज चार ओळी खरड, पोर मोठं झालं की वाचेल. म्हणजे बाळा, ही तुझीच. वाचताना आईच्या अक्षराला हसू नकोस. जन्म तिकिटं फाडण्यात गेला माझा.

तुझा बाबा जहाजावर इंजिनाच्या खोलीत असतो. तू येशील तेव्हा तो कुठल्यातरी समुद्राच्या मधोमध असणार. मला ना आई, ना बाप. होती ती मावशी, तीही दोन वर्षांपूर्वी गेली. एकटीनं बाळंतपण कसं निभवायचं म्हणून बाबानं मला इथं पाठवलं, त्याच्या थोरल्या बहिणीकडे. म्हणजे तुझ्या आत्याकडे. मी त्यांना वन्स म्हणते. वन्स दवाखान्यात प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होत्या, मागच्या वर्षी नोकरी सोडली. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली आहेत म्हणे. भावोजी शिंपी. शाळांचे आणि हॉटेलांचे गणवेश घरीच मागच्या खोलीत शिवतात. बोलतात इतकं कमी की मशीनच जास्त बोलतं. त्यांना मूलबाळ नाही.

आम्ही मागच्या दारानं आत आलो, पुढच्या दाराला ओला रंग आहे म्हणून. वरची खोली माझी. स्वच्छ, पांढरी चादर, खिडकीला जाळी, खाली रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला चक्क दवाखाना! वन्सना म्हटलं, कळा आल्या तर मी घरंगळत जाईन. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग माझं डोकं छातीशी धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. सासर म्हणजे सुळावरची पोळी असं मावशी म्हणायची. मावशे, चुकलीस गं.

६ ऑक्टोबर

आज बॅग भरली. वन्सचं म्हणणं, दिवस भरत आले की बॅग दारात हवी; बाळ काही तिकीट काढून येत नाही. निळी मोठी बॅग काढली. पलंगावर सगळं मांडलं आणि दोघींनी बसून भरलं. तुझी झबली सहा, टोपडी, मोजे, लंगोटांचा ढीग. मऊ जुन्या सुती कपड्याची दुपटी, कारण नवं कापड बाळाला टोचतं. माझे पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, कंगवा, सपाता. घरी येताना घालायला सैल हिरवा ड्रेस. तो मी मुद्दाम आणलाय, दोन नंबर म्हणते त्यात मी बाळंतीण कमी आणि भेंडी जास्त दिसते.

वन्सचे हात बघत राहावेत असे आहेत. एकेक झबलं घडी घालताना त्यावरून तळवा फिरवत होत्या, आत कुणी आहे असं समजून. एक टोपडं त्यांनी नाकाशी धरलं. मी म्हटलं, वन्स, अजून त्याला वास कुठला? त्या म्हणाल्या, येईल.

मला उगाच भरून आलं. इतकी माया कुणी केली नव्हती.

११ ऑक्टोबर

इथं मला तळहातावरच्या फोडासारखं जपतात. ताट वर, पाणी वर, अंघोळीचं पाणीसुद्धा वर. जिना उभा आहे म्हणून खाली यायचं नाही, असा हुकूम आहे. तपासणीही वन्सच करतात. दवाखान्यातली डॉक्टरीण रजेवर गेली आहे आणि बदली आलेला पोरगा म्हणजे नीम हकीम, असं त्यांचं मत.

दर दोन दिवसांनी भावोजी टेप घेऊन येतात आणि माझ्या पोटाचं माप घेतात. गाऊन अंगाबरोबर सैल करायला हवेत म्हणे. माप घेताना मान दुसरीकडे वळवतात. लाजाळू माणूस. मी विनोद केला की भावोजी, तुम्ही दुनियेतले पहिले शिंपी, ज्यांचं गिऱ्हाईक दर आठवड्याला वाढतं. ते हसले नाहीत.

वन्स मला खोलीत फेऱ्या मारायला लावतात. व्यायाम. त्या खुर्चीवर बसून बघतात. आज मध्येच म्हणाल्या, परत एकदा वळ. उठताना हात कुठं टेकवतेस, ते पुन्हा दाखव. मी दाखवलं. चुकतंय का विचारलं तर म्हणाल्या, नाही गं पोरी, अगदी बरोबर.

फोन बादलीत पडला. मी उशाशी ठेवला होता, बादली पलीकडे होती, कसा पडला कळेना. भावोजींनी दुरुस्तीला नेलाय.

१७ ऑक्टोबर

फोन अजून दुरुस्त नाही. दोन नंबर मला शिव्या घालत असेल.

आज गंमत झाली. पाय सुजलेत म्हणून वाटलं, बॅगेतल्या सपाता घालून बघाव्यात. बॅग वर जिन्याच्या तोंडाशी होती, ती ओढून घेतली. तर सपाता माझ्या नव्हत्याच. नव्या कोऱ्या, पण माझी दोन पावलं मावतील एवढ्या. मग गाऊन उलगडला. खांद्याला रुंद, लांबीला जमिनीवर लोळेल इतका. मी बुटकी, वन्स उंच. हिरवा ड्रेस नाही. कंगवासुद्धा दुसरा आणि त्यात केस अडकलेले, अर्धे पिकलेले.

तुझं सगळं मात्र जागच्या जागी.

वन्सना विचारलं. त्यांनी शांतपणे बॅग माझ्या हातून घेतली. म्हणाल्या, माझी एक जुनी बॅगही तशीच निळी आहे, सरमिसळ झाली असेल, मी नीट लावते. तू वाकू नकोस, आणि बॅगेला हात लावू नकोस आता.

असेल बाई. गरोदर बाईला जिथं तिथं सापच दिसतात, असं मावशी म्हणायची. तरी दुसरी निळी बॅग कुठं आहे, ते विचारायचं राहिलं.

२४ ऑक्टोबर

सावकाश लिहिते, म्हणजे मलाच नीट कळेल.

सकाळी जेवण ठेवून वन्स बाजारात गेल्या. मी खिडकीशी उभी होते. पुढचं दार वाजलं आणि त्या रस्त्यावर आल्या. आधी वाटलं कुणी दुसरीच. एक बाई, एक हात कमरेवर, दुसरा पोटाखाली, डुलत डुलत चाललेली. पोट पार भरलेलं.

वन्स होत्या.

समोरून एक बाई आली. तिनं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, उन्हातून सावलीत नेलं. वन्स थांबल्या, पाठीला हात लावून वाकल्या, सुस्कारा टाकला. तो सुस्कारा माझा आहे. पायऱ्या उतरताना आधी डावा पाय टाकतात तोही माझा. ती माझी चाल आहे, बाळा. खोलीत फेऱ्या मारून मी त्यांना शिकवलेली.

दुपारी वर आल्या तेव्हा पोट सपाट. सैल झगा, हातात फळांची बशी. म्हणाल्या, किती घामेजलीस.

मी फळं खाल्ली. त्या बघत होत्या म्हणून खाल्ली.

२५ ऑक्टोबर

वन्स अंघोळीला गेल्यावर खाली उतरले. मागच्या खोलीत भावोजी मशीनवर मान घालून होते. बाजूच्या खुंटीवर ते टांगलेलं. कातडीच्या रंगाचं कापड, आत कापूस, पाठीमागे पट्टे. एक नव्हतं. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं चार-पाच होती. दर मापाचं एक.

भावोजींनी मला पाहिलं. मशीन थांबलं नाही.

पुढच्या दाराला आतून कुलूप. मागच्या दारालाही. माझ्या चपला दारामागे असायच्या, त्या नाहीत.

भावोजी म्हणाले, वर जा, ती यायच्या आत जा. आवाज कठोर नव्हता. भ्यालेला होता. म्हणजे याही घरात कुणीतरी भितं, आणि तरीही शिवत राहतं.

२९ ऑक्टोबर

तुझ्या बाबाचा फोन आला, वन्सच्या फोनवर. एरवी त्या शेजारी बसून असतात. आज स्वतःहून उठल्या, बोला निवांत म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, देव पावला. एका दमात सगळं सांगितलं. तुझी ताई पोटाला उशी बांधून गावभर फिरतेय. दारांना कुलपं आहेत. मला इथून ने, नाहीतर कुणाला तरी पाठव, पोलीस पाठव.

पलीकडे इंजिनाची घरघर. मग तो म्हणाला, "मला माहितेय."

मी विचारलं, काय माहितेय?

"ताईनं मला आईच्या जागी राहून वाढवलं. स्वतःचं काही बघितलं नाही. तिचं हेच एक मागणं होतं गं. आपल्याला काय, दुसरं होईल."

दुसरं होईल! बस चुकली तर दुसरी येईल, असं मी रोज शंभर जणांना सांगायचे.

दोन नंबरनं त्याला जहाजावर निरोप पाठवून माझी चौकशी केली होती. त्यानं तिला कळवलंय की बाळ पोटातच गेलं, तिला एकटं राहू दे, काही महिने फोन करू नकोस. ती खूप रडली म्हणे. हे त्यानं मला धीर द्यावा तशा आवाजात सांगितलं.

मी विचारलं, आणि बाळ झाल्यावर माझं काय? तो म्हणाला, तुझं काय म्हणजे, तू घरी येशील ना. त्याला खरंच तसं वाटतं, हे आवाजावरून कळलं. मी म्हटलं, मग बॅगेत माझं काहीच का नाही? घरी येतानाचे कपडे कुठं गेले? माझ्या चपला कुठं गेल्या?

मग आवाज तुटायला लागला, त्याचा की समुद्राचा कोण जाणे. फोन बंद.

आपलेच दात, आपलेच ओठ. यापुढे मी त्याला तुझा बाबा म्हणणार नाही. तो त्यांचा भाऊ.

२ नोव्हेंबर

आज मी सुटायला हवी होते. आज सुटलेच होते.

वन्सना भेटायला गावातल्या बायका आल्या होत्या. खालून हसण्याचे, कपबश्यांचे आवाज. भावोजी जेवण द्यायला वर आले आणि दार लोटून गेले, आता रोज बाहेरून लावतात ती कडी लावायला विसरले. की विसरल्यासारखं केलं? मी अनवाणी खाली उतरले आणि थेट बायकांच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

पाच-सहा जणी होत्या. मधल्या खुर्चीत वन्स, पाय स्टुलावर, पोट मांडीवर. मी ओरडले, ही खोटी आहे, तिच्या पोटाला कापूस बांधलाय, बाळ माझ्या पोटात आहे, मला दवाखान्यात न्या, समोर तर आहे, चालत न्या.

सगळ्या गार पडल्या. वन्स मात्र हलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले, खरेखुरे. हलक्या आवाजात त्या बायकांना म्हणाल्या, "माझ्या भावाची बायको. हिचं गेलं, सातव्या महिन्यात. मला दिवस राहिलेत हे बघितल्यापासून असं करते बिचारी. पोटाला कपडे बांधते."

त्यांनी माझंच बायकांना सांगितलं होतं, फक्त उलटं करून. बायकांच्या चेहऱ्यावर कीव आली. ती कीव मला धक्का देऊन गेली. राग आला असता तरी चाललं असतं. मी गाऊन वर करायला गेले तर दोघींनी घाईघाईनं माझे हात धरले, अगं बाई, अब्रू, अब्रू म्हणत अंगावर शाल टाकली. अब्रू राखायच्या नादात एकीनंही नीट बघितलं नाही.

समोर एक चष्मेवाली बसली होती, वयानं मोठी. मी तिचा हात ओढून पोटावर दाबून धरला. बाळा, तू हललंस. जोरात. टाच मारलीस तिच्या तळव्यात. मला वाटलं, शाबास रे माझ्या वाघा, जिंकलो आपण!

तिला कळलं. चष्म्याआडचे डोळे मोठे झाले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वन्सकडे. वन्स तिच्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

चष्मेवालीनं हात काढून घेतला. मांडीवर पुसला. म्हणाली, "हिला वर न्या, सिस्टर. वारा लागेल."

मग तिनं कप उचलला आणि उरलेला चहा प्यायली.

३ नोव्हेंबर

वन्स चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पलंगाशी बसून माझे पाय चेपले. वॉर्डात नव्या बाळंतिणीला समजावतात तसं सगळं समजावून सांगितलं. घरीच होईल, याच खोलीत. मी आहे, घाबरायचं नाही. बाळ झालं की त्याला घेऊन मी दवाखान्यात जाईन, बॅग तयारच आहे. घरीच एकदम झालं, वेळच मिळाला नाही, असं सांगायचं. सगळ्या माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आहेत, मला पलंगावर झोपवतील आणि बाळाला दुपट्यात गुंडाळतील. कोण तपासतंय?

आणि मी? मी विचारलं.

चादरीची सुरकुती त्यांनी हातानं सारखी केली. म्हणाल्या, तू फार दमलीस. झोप.

५ नोव्हेंबर

खिडकीतून ओरडले. घसा फुटेपर्यंत. खालून दोघी चालल्या होत्या. थांबल्या, वर बघितलं, चुकचुकल्या. एकीनं दुसरीला कपाळाशी बोट फिरवून दाखवलं. एक माणूस सायकलवरून उतरला, त्याला त्यांनी समजावलं. तो परत सायकलवर बसला.

दवाखान्याच्या दारात एक बाई बाळ घेऊन उतरली. मागून नवरा. त्याच्या हातात बॅग.

आता खिडकीला बाहेरून फळी आहे. वरच्या फटीतून उजेड येतो, त्यात लिहिते.

७ नोव्हेंबर

चष्मेवाली आली. एकटी. जिन्यावर पावलं ऐकली, ती वन्सची नव्हती. जिवात जीव आला. दाराला तोंड लावून म्हटलं, बाई, तुम्हाला माहितेय, तुम्ही हात लावून बघितलाय. कडी काढा. नुसती कडी. पुढचं माझं मी बघते.

दारापलीकडे श्वास ऐकू येत होता. मग ती बोलली, दाराशी अगदी चिकटून.

"माझी लेक पायाळू होती. नाळ गळ्याला. डॉक्टरांनी हात टेकले होते. सिस्टर रात्रभर उभ्या होत्या. आज माझ्या लेकीला दोन मुलं आहेत."

मी म्हटलं, मग माझंही एक असू द्या.

ती रडत होती. मला म्हणाली, मला माफ कर. मी माफ केलं नाही. खाली गेली. खालून वन्सचा आवाज आला, बसा ना, चहा टाकलाय.

या गावात प्रत्येक घरात वन्सनी काढलेलं एक मूल आहे. मी कुणाकडे जाऊ? कुणाच्या दारात जाऊन सांगू?

१० नोव्हेंबर

सुई देतात रोज. ताकदीची म्हणे. दिवस कधी संपतो कळत नाही. अक्षरं सरकतात.

तू खाली उतरलंस. वन्सनी हात लावून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. लहान मुलीसारखा. त्यांना तू खरंच हवंस, बाळा. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. त्या तुला मारणार नाहीत. उपाशी ठेवणार नाहीत. जीव लावतील. तू त्यांना आई म्हणशील आणि हसशील.

आणि मला आता, हे लिहायला लाज वाटते, तेवढंच बरं वाटतं.

१२ नोव्हेंबर

भावोजी आले. टेप घेऊन.

पोटाचं माप नाही घेतलं. डोक्यापासून पावलापर्यंत घेतलं. मग खांद्यांची रुंदी. मी आडवी असतानाच.

विचारलं, काय शिवताय?

टेप त्यांच्या हातातून दोनदा पडली.

भावोजी, मी म्हटलं, बाह्या ठेवा निदान. गार लागतं मला.

ते तोंडावर हात दाबून बाहेर गेले. खाली मशीन सुरू झालं. थांबलं. बराच वेळ थांबलं होतं. मला वाटलं — मला खरंच वाटलं, तो माणूस आता उठेल, कुलूप काढेल.

परत सुरू झालं.

१३ नोव्हेंबर

आज सुई टोचू दिली नाही. चावले. वन्सच्या मनगटाला रक्त आलं. त्यांनी पट्टी बांधली आणि दुसऱ्या हातानं टोचली.

दाराची बिजागरी चमच्यानं खरवडली. चमचा वाकला. नखं —

चमचा नेला.

१४ की १५

मशीन बंद आहे आज. शिवून झालं असणार.

वन्स खालून वर ये-जा करतात. उकळलेली भांडी. कात्री. टॉवेल. अंगाई गुणगुणतात. सूर गोड आहे.

मला तुला सांगायचंय खूप. माझी आई कशी होती ते मला ठाऊक नाही, म्हणून मी ठरवलं होतं, तुला सगळं — मला काळोखात शिट्टी वाजवत चालायची सवय आहे. मला उन्हात शिंका येतात. तुला आल्या तर त्या माझ्या. एवढं तरी —

तारीख नाही

कळ.

गेली. पुन्हा आली तर लिहिते.

आली. कमरेतून सुरू होते, लाटेसारखी — मी वन्सना सांगितलं नाही. दात आवळून पडले आहे. जितका वेळ सांगणार नाही तितका वेळ तू माझं.

कळलं त्यांना. चादर ओली झाली. पळत खाली गेल्या.

खालची खिडकी उघडल्याचा आवाज. सताड.

वन्स ओरडताहेत. खाली, खिडकीशी. आई गं म्हणताहेत. माझ्या कळेशी जुळवून — नाही, माझ्या आधी. मला कळ यायच्या आधी त्यांना येते. रस्त्यावर बायका जमल्या. धीर धरा सिस्टर म्हणताहेत. कुणीतरी रडतंय. सगळा गाव रडतोय त्यांच्यासाठी.

जिन्यावर भावोजी. हातात फडक्याचा बोळा. माझ्या तोंडात —

एकच आवाज ऐकू जायला हवा ना.

ही डायरी गादीत सरकवते. कुणी — कुणी नाही. तुला कधीच नाही मिळणार. तरी.

बाळा, ते तुला सांगतील आई तुझ्यासाठी किती ओरडली. सगळे सांगतील. सगळ्यांनी ऐकलंय. मी नाही ओरडले. मला ओरडता — मी गप्प होते याचा अर्थ असा नाही की मी तुला